मूळ चित्राला विचारा : अ‍ॅक्रिलिक, कॅनव्हास आणि छापील चित्राचा खरेपणा

विषय ऐकून काहींना वाटलं असेल, हा तर फ्रेमवाल्याच्या दुकानातला प्रश्न, समीक्षेत तो कशाला? पण आज नागपुरात नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये, धंतोलीतल्या दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात, हॉटेलच्या लॉबीत जी चित्रं दिसतात, त्यातली बहुतेक छापलेली असतात. आपल्या मुलांचं डोळ्यांचं शिक्षण या छापील चित्रांवर होतंय. छापणारा तुम्हाला एकच प्रश्न विचारतो, "अ‍ॅक्रिलिकवर काढू का कॅनव्हासवर?" आणि आपण भाव विचारून आणि सोफ्याचा रंग आठवून उत्तर देतो. हे उत्तर कशावरून द्यावं, एवढंच मला आज बोलायचं आहे.

आधी दोन्ही वस्तू काय आहेत ते बघू. कॅनव्हास प्रिंट म्हणजे सुती किंवा सुती-पॉलिएस्टर कापडावर पांढरा थर देऊन त्यावर शाईचे सूक्ष्म थेंब उडवायचे, मग वर वार्निश मारून कापड लाकडी चौकटीवर ताणायचं. अ‍ॅक्रिलिकमध्ये पारदर्शक प्लास्टिकच्या पत्र्याच्या मागच्या बाजूला चित्र उलटं छापतात आणि शेवटी पांढऱ्या शाईचा थर देतात. दुसरी पद्धत म्हणजे फोटोपेपरवर छापून तो कागद पत्र्याला मागून चिकटवायचा. पत्रा साधारण ९२ टक्के प्रकाश आरपार जाऊ देतो, त्यामुळे रंग आतून उजळल्यासारखे दिसतात. दोन्हीला आपण 'प्रिंट' म्हणतो. पण एकात रंग आपल्या बाजूला, पृष्ठभागावर असतो. दुसऱ्यात तो पत्र्याच्या पलीकडे असतो. सगळा फरक इथून सुरू होतो.

आणि हे दोन्ही आपल्याकडे नवे नाहीत. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत शिळाछाप प्रेस काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली लक्ष्मी-सरस्वती घराघरात पोचली. त्या छापांना ओलिओग्राफ म्हणत, म्हणजे तैलचित्राचं नाव घेतलेला छाप. एकेका रंगाचा वेगळा दगड, एकावर एक छपाई, मग वार्निश. काही छापांवर दाब देऊन कॅनव्हासची वीणही उठवत. कागदच, पण अंगात कापडाचा सदरा! (हशा) आजच्या कॅनव्हास प्रिंटचा आजा तो.

अ‍ॅक्रिलिकचा आजा म्हणजे काचचित्र. पुण्याच्या केळकर संग्रहालयात ही चित्रं आहेत, जरूर बघा. काचेच्या मागच्या बाजूने रंगवायचं, म्हणून क्रम उलटा. डोळ्यातला ठिपका, नथ, दागिने आधी, चेहऱ्याचा रंग नंतर, पार्श्वभूमी सगळ्यात शेवटी. छापखान्यात पांढरी शाई शेवटी येते ती याच न्यायाने. म्हणजे एक परंपरा तैलचित्राची नक्कल करणारी, दुसरी काचेमागून बघायला लावणारी. आपण दुकानात निवड करतो तेव्हा या दोन परंपरांमधून निवडत असतो.

आता खरी कसोटी. उदाहरण आपल्या घरचंच घेऊ. सय्यद हैदर रझा. मंडला जिल्ह्यात जन्म, तेव्हाच्या मध्य प्रांतात, ज्याची राजधानी नागपूर. १९३९ ते १९४३ ते नागपूरच्या कलाशाळेत शिकले, मग मुंबईला जे. जे. मध्ये, आणि १९५० साली फ्रान्सला. त्यांचं 'सौराष्ट्र' हे १९८३ चं चित्र २०१० मध्ये लिलावात सोळा कोटींच्या वर गेलं, तेव्हा वर्तमानपत्रांतून बातमी झाली. चित्र आहे कॅनव्हासवर अ‍ॅक्रिलिक. इथे गंमत बघा : मूळ चित्रातलं अ‍ॅक्रिलिक म्हणजे रंग, आणि दुकानातलं अ‍ॅक्रिलिक म्हणजे पत्रा. नाव एक, वस्तू दोन. दुकानात गेल्यावर अनेकांची इथेच फसगत होते.

रझांचा बिंदू घ्या. काळं वर्तुळ. समोर उभं राहिलं की नजर आत ओढली जावी, ही त्याची रचना. हा बिंदू चकचकीत अ‍ॅक्रिलिकवर छापला की काय होतं? काळ्या पृष्ठभागाइतका चांगला आरसा दुसरा नाही. तुम्हाला बिंदूत दिसते समोरची खिडकी, वरचा पंखा, ट्यूबलाइट आणि स्वतःचं तोंड. जे चित्र नजरेला आत नेण्यासाठी केलं, ते तिला परत खोलीत फेकतं. पत्र्याने इथे चित्राचा अर्थच फिरवला.

मग कॅनव्हास बरा? निम्मा बरा. प्रतिबिंब नाही, रंग पृष्ठभागावर आहे. पण 'सौराष्ट्र' मुळात दोन मीटर बाय दोन मीटर. तुम्ही ते दोन फुटांवर आणता. मूळ कापडाची वीण फोटोत आली असेल तर तीही आक्रसते, आणि ती छापली जाते नव्या कापडाच्या जाड विणीवर. एका चित्रात दोन विणी! ब्रशच्या फटकाऱ्याचंही तसंच. फोटो काढताना प्रकाश डावीकडून होता तर फटकाऱ्याची सावली कायमची उजवीकडे. तुमच्या घरात खिडकी उजवीकडे असली तरी ती हलत नाही. काही ठिकाणी तर छापल्यावर वरून पारदर्शक जेल ब्रशने फिरवतात, हाताने काढल्यासारखं वाटावं म्हणून. त्या जेलचे फटकारे चित्रातल्या आकारांशी जुळत नाहीत. तिरप्या उजेडात बघा, लगेच कळतं. कॅनव्हास प्रिंटवर माझा आक्षेप हा आहे : तो छाप असण्याबद्दल गप्प बसतो, आणि चित्र असल्याचा आव आणतो.

वारलीची गोष्ट याहून गंभीर. जिव्या सोमा मशे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आणली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मूळ काय आहे? शेणामातीने सारवलेली, गेरू दिलेली भिंत आणि तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ. आता हीच वारली अ‍ॅक्रिलिकवर चकाकताना मी मोठमोठ्या कार्यालयांत पाहतो. अहो, सारवलेली भिंत कधी चकाकते का? तो कोरडेपणाच त्या रेषेचा प्राण आहे. इथे जाड, बिनचमकीचा कागद दोघांपेक्षा सरस. पण 'प्रीमियम' या शब्दापुढे कागद बिचारा गरीब ठरतो.

याचा अर्थ अ‍ॅक्रिलिक वाईट, असं समजू नका. ताडोब्याच्या पाणवठ्यावरचा वाघ, पावसाळ्यातलं जंगल, रात्रीचं शहर. आजच्या छायाचित्राला स्वतःचं कापड नसतं, वीण नसते. ते जन्मतःच प्रकाशाचं आणि पडद्यावरचं. त्याला पत्र्यामागे ठेवलं तर खोटेपणा होत नाही. जर्मन छायाचित्रकार आंद्रेआस गुर्स्की यांचं 'ऱ्हाइन २' असंच पत्र्यामागे बसवलेलं आहे, आणि ते तसंच बघायचं आहे. उलट वाघ कॅनव्हासवर छापला की त्याच्या मिशांवर सुती धाग्याची जाळी येते आणि तो तैलचित्राचा वेष घेतो. तिथे कॅनव्हास खोटा.

थोडं आपल्या हवेबद्दल. नागपूरचा मे महिना ४५ अंशांच्या पुढचा, आणि उपाय म्हणजे कूलर. कूलरच्या झोताच्या भिंतीवर कॅनव्हास लावू नका. ओलाव्याने कापडाचा ताण बदलतो, चौकट पिळवटते, मागे बुरशी धरते. अ‍ॅक्रिलिकला ओलाव्याचं भय कमी, पण तो उष्णतेने वाढतो. एक मीटरचा पत्रा ३० अंशांच्या फरकाने साधारण दोन मिलिमीटर लांबतो. चारही कोपरे घट्ट आवळले तर तो फुगतो, म्हणून स्क्रूची भोकं थोडी सैल हवीत. पत्रा काचेच्या निम्म्या वजनाचा, सहजी फुटत नाही, पण ओरखडा चटकन पडतो आणि धूळ ओढतो. अमोनिया किंवा स्पिरिट असलेलं काचेचं क्लीनर लावू नका, बारीक तडे जातात. ओलं मऊ कापड पुरे. आणि थेट ऊन दोघांचंही शत्रू.

एक शेवटचा मुद्दा, हक्काचा. आपल्या कायद्यात चित्रकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. रविवर्मा १९०६ मध्ये गेले, ते सर्वांचे झाले. रझा २०१६ मध्ये गेले, म्हणजे २०७६ सरेपर्यंत परवानगी लागते. दुकानदार मोबाइलवर उघडून "हा बिंदू टाकून देतो" म्हणतो तेव्हा त्याला विचारा, कुणाला विचारून? आणि जिवंत चित्रकार तर याच गावात आहेत. कलामहाविद्यालयातून दरवर्षी मुलं बाहेर पडतात. मोठ्या आकाराच्या अ‍ॅक्रिलिक प्रिंटला, वर एलईडी लावून, जेवढा खर्च होतो, तेवढ्यात त्यांच्यापैकी कुणाचं तरी लहान, पण हाताने केलेलं चित्र घरी येऊ शकतं. त्यात वीण एकच असेल, आणि फटकाऱ्याची सावली तुमच्या खिडकीप्रमाणे दिवसभर हलेल.

तेव्हा छापायचंच असेल तर मूळ चित्राला तीन गोष्टी विचारा. तू कशावर जन्मलास? तुझा आकार केवढा होता? तू प्रकाश गिळतोस की परत देतोस? कापडावरचं असेल तर कॅनव्हास, मूळ आकाराच्या जवळ आणि जेलशिवाय. प्रकाशाचं असेल तर अ‍ॅक्रिलिक, खिडकीसमोर नाही. भिंतीचं किंवा कागदाचं असेल तर कागद. सोफ्याचा रंग चौथ्या क्रमांकावर.

एवढं बोलून थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.