आठपट अधिक दहा

हार्मन क्रेग यांचा १९६१ सालचा तो निबंध छापून आला ‘सायन्स’मध्ये, आणि भरला जेमतेम दोन पानं. नद्या, सरोवरं, पाऊस आणि बर्फ यांचे सुमारे ४०० नमुने, त्यांचा एक आलेख आणि त्या आलेखातून निघालेलं एक समीकरण, एवढाच ऐवज. पाण्याचा अभ्यास करणाऱ्यांना तो आलेख आजही डोळे मिटून काढता येतो. पाठ असलेल्या गोष्टीकडे मात्र कुणी नीट बघत नाही, म्हणून जरा थांबून बघू.

आडव्या अक्षावर ऑक्सिजन-१८, उभ्या अक्षावर ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन. पाण्याच्या साध्या रेणूचं वजन १८. ड्युटेरियमवाला १९ भरतो, ऑक्सिजन-१८ वाला २०. हे जड भाऊबंद अगदी विरळा. ऑक्सिजनच्या पाचशे अणूंत एखादा, आणि हायड्रोजनच्या तर सहा-साडेसहा हजारांत एक. म्हणून क्रेग समुद्राचं पाणी शून्य धरतात आणि त्याच्या तुलनेत दर हजारी किती उणं-अधिक, तेवढंच मांडतात.

आता ठिपके. खाली डावीकडे थंड मुलखातलं बर्फ, वर उजवीकडे उष्ण प्रदेशातलं पाणी. ढग किनाऱ्यावरून आत आणि वर चढू लागला की जड रेणू आधी गळतात. उरलेली वाफ हलकी होते, पुढची सर त्याहून हलकी पडते. यात नवल नाही. नवल आहे ते दोन वेगळ्या मूलद्रव्यांनी एकमेकांचा हात न सोडण्यात. कुठल्या खंडातली नदी आणि कुठल्या शिखरावरचा हिमवर्षाव, सगळे एकाच सरळ रेषेवर: ड्युटेरियमची किंमत म्हणजे ऑक्सिजन-१८ च्या किमतीची आठपट, अधिक दहा.

आठ समजायला सोपा आहे. वाफ आणि पाणी समतोलात असताना ड्युटेरियमची वाटणी ऑक्सिजन-१८ पेक्षा साधारण आठपट विषम होते, म्हणून रेषेचा चढ तेवढा. मला भुरळ पडते ती दहाची. दहा अधिक करायचे म्हणजे ही रेषा शून्यातून जात नाही. ज्या समुद्रातून हे सगळं पाणी उठलं, तो समुद्रच रेषेवर नाही. रेषा त्याच्या किंचित वरून निघून जाते. मारवा गाणारा षड्जाला बगल देत राहतो आणि त्यामुळेच षड्ज सतत जाणवत राहतो, तसं काहीसं. कारण साधं आहे. समुद्रावरची हवा पुरती ओलसर नसते, त्यामुळे बाष्पीभवन समतोलाने होत नाही, घाईने होतं. त्या घाईत १९ वजनाचा रेणू २० वाल्याच्या जरा पुढे सटकतो, आणि वाफेत ड्युटेरियमचं पारडं थोडं जड होतं. म्हणजे समीकरणातला हा आकडा समुद्रावरच्या हवेच्या कोरडेपणाची नोंद आहे. भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडे, कोरड्या हवेत, तो बावीसपर्यंत जातो. विली डान्सगार्ड यांनी १९६४ मध्ये या अधिक भागाला स्वतंत्र परिमाण म्हणून मांडलं. (याच डान्सगार्डनी १९५२ मध्ये कोपनहेगनच्या आपल्या बागेत बिअरच्या बाटलीवर नरसाळं ठेवून पाऊस गोळा करायला सुरुवात केली होती. उपकरणांच्या मागण्या लिहिताना हे आठवावं.)

पुढे जगभरच्या पावसाच्या नोंदींवरून १९९३ मध्ये सुधारित आकडे आले: ८.१७ आणि ११.२७. अचूक तेच. पण लोक अजून आठ आणि दहाच वापरतात, आणि त्यात आळस थोडा, रसिकता जास्त, असं मला वाटतं.

आलेखाच्या वरच्या टोकाला क्रेग यांनी एक तुटक रेषाही दिली आहे. ती पूर्व आफ्रिकेतल्या नद्या-सरोवरांची. तिचा चढ आठ नाही, पाचच्या आसपास, म्हणून तिचे ठिपके मूळ रेषेच्या उजवीकडे, खाली ओढले गेलेत. वाफ ज्या घाईने निघून गेली त्या घाईची दुसरी बाजू इथे मागे राहिलेल्या पाण्यात दिसते. म्हणजे नमुना पाहून नुसतं ‘हे पावसाचं पाणी’ एवढंच कळत नाही, तर ‘पडल्यावर उन्हात बराच काळ उघडं राहिलेलं’ हेही कळतं. धरणाचं पाणी झिरपून खालच्या विहिरीत येतं की नाही, हा वाद याच पाचाच्या रेषेवर सोडवता येतो.

नदीच्या अभ्यासात या रेषेने सर्वांत मोठा धक्का पुराच्या बाबतीत दिला. समजा, नदीचं नेहमीचं पाणी ऑक्सिजन-१८ च्या मापात उणे ८ आहे, कोसळणारा पाऊस उणे १२, आणि ऐन पुरात नदी भरली उणे ९. एका एककाचा फरक, चारांपैकी. म्हणजे नवा पाऊस फक्त चौथाई. उरलेलं तीन चतुर्थांश पाणी आधीपासून मातीत आणि खडकात मुरलेलं. स्क्लॅश आणि फार्वोल्डन यांनी १९७९ मध्ये कॅनडातल्या ओढ्यांवर नेमका असाच हिशेब केला, तेव्हा पुरातही जुन्याच पाण्याचं वर्चस्व निघालं. तोवर पाठ्यपुस्तकांत पूर म्हणजे जमिनीवरून धावत आलेला ताजा पाऊस, असंच चित्र रूढ होतं. अर्थात फरसबंद शहरात किंवा उघड्या कातळावर ते चित्र खरं ठरतंच. आणि ज्या दिवशी पाऊस नि नदी यांची मापं जवळजवळ सारखी असतात, त्या दिवशी हा हिशेब काहीच बोलत नाही.

महिनोन्‌महिने मुरलेलं पाणी दोन तासांत बाहेर कसं पडतं, हा पेच जेम्स कर्चनर यांनी २००३ मध्ये पुन्हा टोकदारपणे मांडला. उत्तराचा एक भाग असा की उतारावर पडलेल्या पावसाचा दाब भिजलेल्या मातीतून झपाट्याने खाली पोचतो आणि तिथे साठलेलं पाणी ढकलून देतो. स्वतः तो पाऊस मात्र मागेच राहतो, पुढच्या कुठल्या तरी पुरासाठी.