पुढचं वर्ष नसलेली टीम

२१ मे २०१७ च्या रात्री आमच्या सांगवीत फटाके वाजले. मी उशीत डोकं खुपसून पडलो होतो.

सांगवी म्हटलं की हल्ली लोकांना ऋतुराज गायकवाड आठवतो. ती जुनी सांगवी, पिंपरी-चिंचवडमधली. आमची सांगवी बारामती तालुक्यातली, नीरा नदीच्या काठावरची, फलटणला जाणाऱ्या रस्त्यावरची. इथून पुणं शंभरेक किलोमीटर आणि गहुंज्याचं स्टेडियम त्याच्याही पलीकडे. तरी जिल्हा पुणे, आरटीओचा नंबर पुण्याच्या हद्दीतला, मग टीमही पुण्याचीच, एवढा साधा हिशोब करून मी दोन वर्षं रायझिंग पुणेचा झालो होतो. गावात असे आम्ही मोजून सहा-सात जण. बाकी सगळे मुंबई इंडियन्सचे, नाहीतर धोनी जिथे असेल तिथले. म्हणून फटाके.

मॅच आठवत असेल तर पुढचा परिच्छेद सोडून दिलात तरी चालेल. मला मात्र तो सोडता येत नाही.

हैदराबादला फायनल. त्या मोसमात पुण्यानं मुंबईला तीनदा हरवलं होतं, दोनदा साखळीत आणि एकदा वानखेडेवर क्वालिफायरमध्ये. फायनललाही मुंबई ७ बाद ७९ अशी अडकली होती. तिथून कृणाल पंड्यानं ४७ करून त्यांना १२९ पर्यंत ओढत नेलं. १३० काही फार नव्हते. रहाणेनं ४४ केले, स्मिथ एक बाजू धरून उभा होता. शेवटच्या षटकात ११ हवे होते, बॉल मिचेल जॉन्सनच्या हातात. पहिल्या चेंडूवर मनोज तिवारीचा चौकार. दुसऱ्यावर तिवारी झेलबाद. तिसऱ्यावर स्मिथ झेलबाद, ५१ वर. मग एक बाय, मग दोन धावा, मग शेवटच्या चेंडूला चार हव्या असताना दोन पळून झाल्या आणि तिसरीला ख्रिश्चन धावबाद झाला. एका धावेनं हार.

त्या रात्री मी एक स्टेटस ठेवला होता : ‘१३ चेंडूंत १०. धन्यवाद.’ रोख धोनीवर होता. ज्यांना कळायचं त्यांना कळलं, आठ-दहा जणांनी हसण्याचे चेहरे पाठवले. आज समीक्षेला दुसऱ्या कुणाचं लिखाण घेण्याआधी मी माझंच हे वाक्य घेतो, कारण ते वाईट वाक्य आहे. टोमणा चांगला जमलाय म्हणून तर जास्तच वाईट. त्यात माहिती खरी आहे, पण ते खोटं बोलतं. बरोबर एक वर्ष आधी, २१ मे २०१६ ला, याच माणसानं विशाखापट्टणमला पंजाबविरुद्ध शेवटच्या षटकात २३ हवे असताना शेवटच्या दोन चेंडूंवर दोन षटकार मारून मॅच काढली होती. तेव्हा मी अंगणात नाचलो होतो. तेव्हा कुठलाही हिशोब मांडला नव्हता.

हरल्यावर चाहता जे बोलतो ते मला वाचण्यासारखं वाटतं. म्हणजे मजकूर म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर आम्ही सहा-सात जण जमलो आणि तासभर एकाच गोष्टीवर घासत बसलो : कुणामुळे? धोनी संथ खेळला म्हणून. तिवारीनं घाई केली म्हणून. स्मिथनं चार चेंडू राहिलेले असताना हवेत का मारायचं म्हणून. बेन स्टोक्स प्लेऑफच्या आधीच इंग्लंडकडे निघून गेला म्हणून. तो साडेचौदा कोटींना घेतलेला, त्यामुळे त्याच्यावर तर सगळ्यांचाच राग. एक जण म्हणाला, “सगळं आधीच ठरलेलं असतंय रं.” त्याला उत्तर नसतं, म्हणून त्यावर कुणी काही बोललं नाही. चहा पुन्हा सांगितला गेला.

यात एक वाक्य कुणीच बोललं नाही, आणि मला ते लगेच लक्षातही आलं नाही. हरलेल्या टीमचे चाहते जगात कुठेही जमले तरी शेवटी त्या वाक्यावर येऊन उठतात : पुढच्या वर्षी बघू.

ते वाक्य आमच्यासाठी नव्हतंच. चेन्नई आणि राजस्थान दोन वर्षांसाठी निलंबित झाले, त्यांच्या जागी डिसेंबर २०१५ मध्ये पुणे आणि राजकोट अशा दोन टीमा आल्या, दोन मोसमांच्या मुदतीवर. हे पहिल्या दिवसापासून जाहीर होतं. कुणी फसवलं नाही. आम्हीच भाड्याच्या घराला रंग देत बसलो. आणि हे काही पहिल्यांदा नव्हतं. त्याआधी पुणे वॉरियर्स २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं खेळून नाहीशी झाली होती, पण ती इतकी हरायची की जाताना फारसं कुणाला जाणवलं नाही. ही दुसरी टीम जिंकायला एका धावेवर आली आणि मग मिटली.

टपरीवर माझा चुलतभाऊ पण होता, दहा वर्षांचा, उन्हाळ्याच्या सुट्टीतला. जत्रेत घेतलेला जांभळा टीशर्ट घालून आला होता. सगळं ऐकून घेतल्यावर त्यानं विचारलं, “दादा, मग पुढच्या वर्षी आपुन कुणाचे?”

कुणी हसलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे : हरण्याचं दुःख मोठं की लहान, हे किती धावांनी हरलो त्यावर ठरत नाही, पुढचा मोसम आहे की नाही यावर ठरतं. पुढचा मोसम असेल तर चाहता चिडतो, शिव्या घालतो, आणि बोलता बोलता टीम बांधायला लागतो. याला काढा, त्याला घ्या, बॉलिंग कमी पडते. त्या रागाला काम असतं. पुढचा मोसम नसेल तर रागाला काहीच काम उरत नाही, म्हणून तो माणसावर जातो. माझा ‘धन्यवाद’ तसा धोनीवर गेला.

आमच्या भागात ‘हंगाम’ हा शब्द क्रिकेटच्या बातमीत यायच्या आधीपासून आहे. कारखान्याचा गळीत हंगाम. यंदा उतारा पडला, भाव मिळाला नाही, तोडणीला टोळी उशिरा आली, अशी रड दरवर्षीची. पण ही रड चालू असते तेव्हा पुढच्या वर्षीच्या उसाची लागण झालेली असते आणि कारखान्यात नोंदही लागलेली असते. शिवाय तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून खोडवा फुटत असतो. त्यामुळे आमच्याकडचा शेतकरी हंगामाला कितीही नावं ठेवो, त्याच्या बोलण्यात पुढचं वर्ष असतंच. क्रिकेटच्या त्या हंगामाची पुढची नोंदच नव्हती.

पाण्याचंही बोलायला पाहिजे, कारण बारामतीत बसून आयपीएलवर लिहायचं आणि पाण्याचं टाळायचं हे जमणार नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी जात होतं. त्याच दिवसांत मुंबई उच्च न्यायालयानं ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले आणि पुण्याची टीम उरलेल्या घरच्या सामन्यांसाठी विशाखापट्टणमला गेली. पाणी आधी, यात मला तेव्हाही शंका नव्हती. आमच्याच तालुक्यात कालव्याखालची गावं आणि जिरायती गावं यांच्यात किती अंतर आहे, हे इथं शाळेतल्या पोरालाही कळतं. पण म्हणजे पहिल्याच वर्षी आमच्या टीमचं घर समुद्राकाठी, दुसऱ्या राज्यात गेलं होतं. आणि गंमत बघा, २०१८ मध्ये कावेरीच्या पाण्यावरून तामिळनाडूत आंदोलन पेटलं तेव्हा चेन्नईचे घरचे सामने पुण्यात आले. चेन्नईहून चाहत्यांनी भरलेली खास रेल्वे आली. गहुंज्यात धोनी परत खेळला, पिवळ्या कपड्यांत, आणि त्या वर्षी चेन्नईनं कप नेला. एका पाण्यानं टीम नेली, दुसऱ्या पाण्यानं दुसऱ्यांची टीम आणून दाखवली. चुलतभाऊ त्या वर्षी चेन्नईचा झाला. मी त्याला काही बोललो नाही. काय बोलणार?

टीम उठून जाते तेव्हा काय होतं, हे अमेरिकेच्या बेसबॉलवाल्यांना आपल्या आधी कळलं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातली डॉजर्स ही टीम १९४१, १९४७, १९४९, १९५२ आणि १९५३ अशी पाच वेळा अंतिम मालिकेत हरली, पाचही वेळा त्याच शहरातल्या यँकीज्‌कडून. आमचं मुंबईशी होतं तसंच, जिंकणारे शेजारच्याच आळीत. ‘पुढच्या वर्षापर्यंत थांबा’ हे त्या चाहत्यांचं जवळजवळ बोधवाक्य झालं. १९५५ मध्ये ते पुढचं वर्ष खरंच आलं आणि डॉजर्स जिंकले. १९५७ चा मोसम संपल्यावर मालकानं टीम उचलून लॉस एंजेलिसला नेली. आधीच्या सगळ्या हारी ब्रुकलिननं पचवल्या होत्या, हे मात्र तिथल्या म्हाताऱ्यांनी कधी पचवलं नाही. मी ब्रुकलिन पाहिलेलं नाही, पण त्या म्हाताऱ्यांशेजारी टपरीवर बसायला मला आवडलं असतं.

आता भाषेची तक्रार. आपल्याकडे हार झाली की मथळ्यात ‘पानिपत’ येतं. पन्नास धावांनी हरलो तरी पानिपत, शाळेच्या कबड्डीत हरलो तरी पानिपत. १४ जानेवारी १७६१ ला जे झालं त्यात घरंच्या घरं रिकामी झाली. तो शब्द आपण टी-ट्वेंटीला वापरून वापरून गुळगुळीत केलाय. धुव्वा, लोळवलं, नांगी टाकली, शरणागती : सगळी लढाईची भाषा. या भाषेत हरणारा एक तर भ्याड असतो नाहीतर फितूर. एका धावेनं हरलेल्याला तिथं जागाच नाही. मग चाहतासुद्धा फितूर शोधायला लागतो, कारण त्याला दुसरे शब्द दिलेलेच नाहीत.

खरं तर ते आहेत. घरात बोलतो त्या मराठीत आहेत. ‘हुकलं.’ ‘थोडक्यात गेलं.’ आणि मला सगळ्यात नेमका वाटणारा, ‘चुटपुट’. हळहळ आपण दुसऱ्यासाठीही करतो, शेजारच्याचा बैल गेला तरी हळहळतो. चुटपुट स्वतःचीच असते. काहीतरी राहून गेल्याची, रात्री पाणी प्यायला उठल्यावर आठवणारी. त्या शेवटच्या चेंडूवर तिसरी धाव होते न होते याची मला अजून चुटपुट लागते. क्रीडापानावर हा शब्द मी क्वचित पाहिला आहे.

पुढचं वर्ष असलेली टीम कशी असते हे मला कबड्डीनं दाखवलं. १७ डिसेंबर २०२२ ला मुंबईत पुणेरी पलटण जयपूरकडून ३३-२९ अशी फायनल हरली. त्या रात्रीही आम्ही चिडलो. पण दुसऱ्या दिवशी टपरीवर ‘कुणामुळे’ दहा मिनिटांत संपलं आणि ‘आता कुणाला ठेवायचं’ सुरू झालं. मार्च २०२४ मध्ये पलटणनं हरयाणाला २८-२५ हरवून कप घेतला. त्याच वर्षीच्या डिसेंबरला गतविजेते असून प्लेऑफमध्येही पोचले नाहीत, आणि प्लेऑफ बालेवाडीत, म्हणजे घरच्याच अंगणात दुसऱ्यांचं लग्न. ३१ ऑक्टोबर २०२५ ला दिल्लीत पुन्हा फायनल, पुन्हा हार, ३१-२८.

इथं कुणी म्हणेल की कबड्डी मातीतला खेळ आहे, म्हणून तुम्हाला आपला वाटतो. मलाही असं लिहायचा मोह झाला होता. पण ते खरं नाही. पलटणचा मालकही कंपनीच आहे, खेळाडू तिथंही लिलावातच घेतले जातात, आणि माती जाऊन मॅट कधीच आली. २०२२ च्या फायनलला पलटणचा कप्तान इराणचा फजल अत्राचाली होता. २०२५ च्या फायनलला तोच फजल दिल्लीच्या बचावात उभा होता, आणि अखेरच्या क्षणांत आपल्या चढाईपटूची पकड त्यानंच केली. म्हणजे माणसं तिथंही येतात-जातात. फरक इतकाच की २०१४ पासून प्रत्येक मोसमात त्या नावाची टीम उभी राहते. अकरा-बारा वर्षांत पोरगं शाळेतून कॉलेजात जातं. तेवढा वेळ टीम जागेवर राहिली तर तिच्यावर नीट रागावता येतं.

चुलतभाऊ आता अठराचा आहे, पुण्यात होस्टेलवर. आयपीएलला तो अजून चेन्नईचाच आहे, त्यात मी पडत नाही. जांभळा टीशर्ट काकूनं फडक्याला घेतला होता, तो गाडी पुसून पुसून संपला. दिल्लीची फायनल संपल्यावर मी फोन हातात घेऊन बसलो होतो, काय लिहावं सुचत नव्हतं. २०१७ सारखं काहीतरी टोचरं तयारही होत होतं, फजलवर. तेवढ्यात त्याचाच मेसेज आला.

“दादा, फजलला परत घ्या म्हणावं. आणि कॉर्नरला एक पोरगं बघा आपल्याकडचं.”

मी लिहिलं, “कोण आहे?”

मग रात्री एकपर्यंत आम्ही नावं काढत बसलो.