रघुजींची तलवार आणि 'परत' हा शब्द



आज बोलायचं आहे ते पहिल्या रघुजी भोसल्यांच्या तलवारीबद्दल. पण तलवारीपेक्षा जास्त बोलणार आहे तुमच्या-माझ्याबद्दल. ती आली तेव्हा आपण काय बोललो, काय बोललो नाही, ते तपासायचं आहे. समीक्षा पुस्तकाची होते, नाटकाची होते, तशी लोकांच्या आनंदाचीही करता येते. आणि ती केल्यानं आनंद कमी होत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

हकिगत तुम्हाला ठाऊक आहे. २०२५ च्या एप्रिल महिन्यात बातमी आली की लंडनला सदबीज या लिलावघरात नागपूरकर भोसल्यांची तलवार विक्रीला निघाली आहे. हाताशी एखादा दिवस होता. २९ एप्रिलला महाराष्ट्र शासनानं मध्यस्थामार्फत बोली लावून ती घेतली. वाहतूक, विमा वगैरे सगळा खर्च धरून ४७ लाख १५ हजार रुपये लागले असं सांगण्यात आलं. १८ ऑगस्टला तलवार मुंबईत उतरली, स्वागत झालं, प्रदर्शन झालं. इकडे आपण एकच वाक्य ऐकत होतो आणि बोलत होतो, 'आपली तलवार परत आली.'

या वाक्यातला 'परत' मला अडतो. न्यायशास्त्रात लक्षणाचा एक दोष सांगतात, अतिव्याप्ती. ज्याला लागू व्हायला नको त्यालाही जे लक्षण लागू होतं, ते अतिव्याप्त. गाईचं लक्षण 'शिंगं असलेला प्राणी' असं केलं तर म्हैसही गाय होते. आपल्या 'परत' या शब्दाचं तसंच झालं आहे.

बघा, वाघनखं 'परत आली' असं आपण म्हणालो. २०२४ च्या जुलैमध्ये ती साताऱ्याच्या संग्रहालयात आली, पुढे नागपूरच्या अजब बंगल्यातही लोकांनी ती पाहिली. पण लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयानं ती तीन वर्षांच्या करारानं दिली आहेत. मराठीत याला 'उसनी आणली' म्हणतात. तलवार 'परत आली' म्हणालो, तिला मराठीत 'विकत घेतली' म्हणतात. आणि ज्याची वस्तू नेली त्याला नेणाऱ्यानं 'ही तुझी' म्हणून आणून दिली, तर तिला 'परत केली' म्हणतात. तीन क्रिया, तीन नाती. उसनवारीत मालक तो असतो. खरेदीत मालक आपण होतो, पण विकणाऱ्याचाही हक्क मान्य करतो. परतफेडीत समोरचा कबूल करतो की वस्तू त्याची नव्हतीच. ही कबुली तलवारीच्या वेळी कोणी दिली नाही. आणि आपण मागितलीही नाही.

आपल्याकडे या प्रश्नाचा विचार फार जुना आहे. विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेत दायभागाच्या चर्चेत 'माझं धन यानं पळवलं' या साध्या बोलण्यावर विचार केला आहे. वस्तू ज्याच्या हातात तोच मालक, असं मानलं तर हे वाक्य बोलताच येणार नाही, कारण चोराच्या हातात गेली की ती चोराचीच झाली. पण लोक तर हे वाक्य बोलतात आणि ऐकणाऱ्याला ते कळतं. म्हणजे ताबा वेगळा आणि स्वत्व वेगळं. पुढे बंगालातल्या रघुनाथ शिरोमणीनं तर 'स्वत्व' हा स्वतंत्र पदार्थच मानला. आता तुम्ही म्हणाल, प्रोफेसर, तलवारीच्या गोष्टीत हे कुठून काढलं? यासाठी काढलं की ज्या परंपरेला ताबा आणि स्वत्व यातला फरक इतका बारीक कळत होता, त्या परंपरेची माणसं आपण, आणि लिलावाच्या पावतीला 'परत' म्हणतो.

मग घ्यायची नव्हती का? घ्यायलाच हवी होती. त्या दिवशी शासनानं हात आखडता घेतला असता तर तलवार कुणा धनिकाच्या दिवाणखान्यात गेली असती, आणि तुम्हा-आम्हाला तिचं दर्शन झालं नसतं. माझं म्हणणं एवढंच की खरेदीला खरेदी म्हणा. तसं म्हटलं की पुढचे प्रश्न आपोआप उभे राहतात. उद्या दुसरी वस्तू निघाली तर? हे सरकार काहीही करून घेणारच, असं बाजाराला कळलं तर भाव कुठे जाईल? जिथे घेणं भाग आहे तिथे घेऊ, पण जिथे हक्कानं मागता येईल तिथे मागायची तयारी, कागदपत्रं, जाणकार माणसं आपल्याकडे आहेत का?

यावर जग कसं वागतं त्याचं एक उदाहरण देतो. न्यूझीलंडला वायुरू नावाचं गाव आहे, तिथे सैन्याचं संग्रहालय आहे. २ डिसेंबर २००७ ला पहाटे तिथून ९६ युद्धपदकं चोरीला गेली. त्यात नऊ व्हिक्टोरिया क्रॉस होते. हा ब्रिटिश राजवटीतला सर्वांत मोठा शौर्यसन्मान. आपले मराठा पलटणीचे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव, दोघांनाही तो इटलीतल्या लढाईसाठी मिळाला, घाडग्यांना मरणोत्तर. तर त्या देशात हळहळ झाली. दोन धनवंतांनी मिळून तीन लाख न्यूझीलंड डॉलरचं बक्षीस लावलं, एका वकिलामार्फत बोलणी झाली आणि २००८ च्या फेब्रुवारीत सगळी पदकं मिळाली.

लोकांना आनंद झाला, पण त्याच दिवसापासून लोक भांडायलाही लागले. पैसे नेमके कोणाच्या खिशात गेले? चोराशी सौदा केला का? एवढी मोलाची वस्तू इतक्या सहज कशी चोरता आली? एका वाहिनीनं चोराची मुलाखत दाखवली, नंतर कळलं की पडद्यावर चोराच्या जागी नट बसवला होता, त्यावरून आणखी गदारोळ. पुढे चोर सापडले, शिक्षा झाल्या. आनंद आणि प्रश्न एकाच घरात नांदले. कोणी कोणाला 'तू सैनिकांचा अपमान करतोस' म्हणून गप्प बसवलं तरी प्रश्न थांबले नाहीत.

आणखी एक गंमत. त्या पदकांत चार्ल्स अपहॅम यांचा दुहेरी व्हिक्टोरिया क्रॉस होता. तो त्यांच्या मुलींनी २००६ मध्ये लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियमला विकला होता. त्या संग्रहालयानं तो वायुरूला उसना ठेवू दिला. म्हणजे कागदावर मालक लंडनचा, आणि रडले-हसले ते न्यूझीलंडचे लोक. तेव्हा आपलेपणा मालकीवरच अवलंबून असतो असं मी म्हणत नाही. उसन्या वाघनखांसमोर कोणाचे डोळे भरून आले तर ते खरेच आहेत. फक्त डोळे भरले म्हणून करारनाम्यातली ओळ बदलत नाही.

आता दुसरा मुद्दा, आणि हा आपल्या नागपूरकरांच्या जास्त जवळचा आहे. तलवार आली हे आपण साजरं केलं. गेली कशी, हे किती घरांत बोललं गेलं? जाणकारांचा अंदाज असा मांडला गेला की १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर कंपनीनं जी लूट केली तिच्यात ती गेली असावी. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७. आप्पासाहेबांची फौज संख्येनं मोठी होती, तरी टेकडी इंग्रजांकडेच राहिली. ती हार होती. पुढे १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी वारले, औरस वारस नव्हता, दत्तक मान्य झाला नाही, १८५४ ला राज्य खालसा. मग भोसल्यांचे हत्ती, घोडे, बैल इथे लिलावात निघाले, मातीमोल भावानं. जडजवाहीर कलकत्त्याला नेऊन विकलं. म्हणजे नागपूरची दौलत एकदा लिलावात गेली आहे, आणि पावणेदोनशे वर्षांनी तिच्यातली एक वस्तू आपण लिलावातच घेतली. हे जोडून पाहिलं की ४७ लाखांचा आकडा वेगळा दिसतो. पण हे जोडायला हार आठवावी लागते, आणि आपली स्मृती जयंत्यांना सरावली आहे. सीताबर्डीच्या किल्ल्याखालून मेट्रोनं रोज जाणाऱ्या पोरांना १८१७ विचारा. दोष त्यांचा नाही. आपण त्यांना सांगितलंच नाही.

तिसरा मुद्दा थोडा बोचेल. मौद्यातून जाणारा हा हमरस्ता पूर्वेला सरळ कलकत्त्याकडे जातो. रघुजींच्या फौजाही याच दिशेनं, रतनपूरवरून बंगालवर गेल्या. १७५१ च्या तहात अलीवर्दीखानानं वर्षाला बारा लाख चौथाई कबूल केली, ओरिसा हाती आला. आपल्या पुस्तकात हा पराक्रम आहे, आणि रणनीती म्हणून तो आहेही. पण तिकडच्या आयांनी मुलांना झोपवताना 'बर्गी' येण्याची भीती घातली, आजही तो पाळणा बंगाली घरांत म्हणतात. बर्गी म्हणजे आपला बारगीर. गंगाराम नावाच्या बंगाली कवीनं त्याच काळात 'महाराष्ट्र पुराण' लिहिलं, त्यात गावं जळतात, माणसं पळतात. आपण लुटले गेलो हे सांगताना, कोणाच्या तरी घरी आपण लुटणारे म्हणून आठवले जातो, हेही सांगायला नको का? इंग्रजांकडून जी कबुली हवी असं मी मघाशी म्हणालो, तिची सवय आपल्यालाही असली पाहिजे.

'आनंदात विरजण कशाला घालता' असं मला विचारतात. त्यांना सांगतो, तलवारच बघा. पातं एकधारी, युरोपीय बनावटीचं. मूठ आपल्या घाटाची, सोन्याच्या नक्षीची. पात्यावर देवनागरीत सोन्याच्या पाण्यानं रघुजींचं नाव, सेनासाहेब सुभा हा किताब आणि 'फिरंग' हा शब्द. ज्या माणसानं परदेशी पातं घेऊन त्यावर स्वतःचं नाव कोरलं, त्याला ते परदेशी असल्याचं लपवावंसं वाटलं नाही. 'फिरंग' असं स्पष्ट लिहिलं. वस्तूला तिच्या खऱ्या नावानं हाक मारली तर अभिमान कमी होतो, ही भीती अठराव्या शतकात नव्हती.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. तलवार जिथे ठेवाल तिथे काचेखाली एक पाटी असेल. तिच्यावर चार गोष्टी लिहा. पातं युरोपीय, मूठ इथली, नाव पहिल्या रघुजींचं. बंगाल-ओरिसाच्या मोहिमा त्यांनी काढल्या, तिकडे त्यांची आठवण निराळी आहे. १८१७ ला नागपूर हरलं, १८५४ ला राज्य गेलं. २९ एप्रिल २०२५ ला महाराष्ट्र शासनानं लोकांच्या पैशातून ही लंडनला विकत घेतली. बस. विशेषणं नकोत. शाळेतली पोरं वाचतील आणि मास्तरांना प्रश्न विचारतील.

शेवटी घरचं बोलतो. इथून कामठी जवळ. या पट्ट्यात फौजेत गेलेली माणसं गावोगाव आहेत, कोणाचे आजोबा, कोणाचे पणजोबा. त्यांची पदकं कुठे आहेत? काही ट्रंकेत, काही सोनाराकडे चांदीच्या भावानं मोडीत गेली. लंडनच्या लिलावाला जायला आपल्याला मुख्यमंत्री लागतात, सोनाराकडे जायला कोणी लागत नाही. पदकाच्या कडेवर बहुधा सैनिकाचा नंबर, नाव, पलटण कोरलेली असते. भिंग घेऊन वाचा. वहीत उतरवा, फोटो काढा, कोणत्या लढाईचं आहे ते घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा. तेवढं या दिवाळीच्या सुट्टीत करा, आणि काही सापडलं तर मला येऊन सांगा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.