‘अग्रदूत’ या शब्दाविषयी : फ्रिट्झ पोलार्ड यांच्या चरित्राच्या निमित्ताने

जॉन कॅरल यांनी लिहिलेले फ्रिट्झ पोलार्ड यांचे चरित्र १९९२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. उपशीर्षकातच पोलार्ड यांना वांशिक प्रगतीचे ‘अग्रदूत’ म्हटले आहे. चरित्रकाराच्या परिश्रमांबद्दल वाद नाही. माझा वाद या एका शब्दाशी आहे. अग्रदूत तो, ज्याच्या मागून इतर येतात. पोलार्ड यांच्या मागून जे थोडे आले, त्यांना पुढे बाहेर काढण्यात आले आणि दार लावून घेण्यात आले.

पोलार्ड यांचा जन्म १८९४ साली शिकागोत झाला. वडील केस कापण्याचा धंदा करीत. गुलामगिरीविरुद्ध झुंजलेल्या फ्रेडरिक डग्लस यांचे नाव त्यांनी मुलाला दिले. ब्राउन विद्यापीठाकडून १९१६ च्या रोझ बोल सामन्यात उतरलेले पोलार्ड हे त्या सामन्यातले पहिले कृष्णवर्णीय खेळाडू. अमेरिकन फुटबॉल म्हणजे चेंडू बगलेत धरून धावायचे आणि प्रतिपक्षाने अंगावर कोसळून पाडायचे. पोलार्ड यांचे वजन जेमतेम पंचाहत्तर किलो. पाडल्यावरही गोरे खेळाडू अंगावर उड्या घेत. म्हणून पडल्याबरोबर पाठीवर लोळून बुटांचे खिळे वर करण्याची युक्ती त्यांनी साधली होती. खेळाच्या वर्णनांपेक्षा हा तपशील मला अधिक बोलका वाटतो.

१९२० साली आजच्या राष्ट्रीय लीगचा आरंभ झाला. त्या पहिल्याच हंगामात पोलार्ड यांचा अॅक्रन संघ एकही सामना न हरता विजेता ठरला. १९२१ मध्ये ते त्याच संघाचे सहप्रशिक्षक झाले. पॉल रॉबसन तेव्हा त्यांच्या संघात होते. परंतु या विजेत्याला अॅक्रनच्या हॉटेलात खोली नव्हती, जेवणही नव्हते. संघमालकाच्या सिगारच्या कारखान्यात कपडे बदलायचे आणि तेथून मोटारीने मैदानावर जायचे, असे पोलार्ड यांनीच पुढे सांगितले आहे. आपल्या वाचकांना येथे पालवणकर बाळू आठवतील : गोलंदाजी मैदानात, चहा मात्र तंबूबाहेर मातीच्या भांड्यात.

आता खरा प्रश्न. १९३४ ते १९४५ या बारा हंगामांत लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. याचा ठराव नाही, परिपत्रक नाही. शिकागोचे संघमालक जॉर्ज हॅलास यांनी अशी बंदी होती हेच पुढे नाकारले. जाळायला मनुस्मृतीसारखा ग्रंथही ज्या बंदीने मागे ठेवला नाही, तिच्याशी कसे लढायचे? पोलार्ड यांनी हार्लेममध्ये ‘ब्राउन बॉम्बर्स’ हा कृष्णवर्णीयांचा संघ चालवला, वृत्तपत्र काढले. १९३६ मध्ये त्यांच्या मुलाने बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांच्या शर्यतीत कांस्यपदक मिळवले. हिटलरच्या देशात मुलगा अमेरिकेचा खेळाडू होता. बापाच्या खेळाची लीग मात्र त्याच्या लोकांना बंद होती.

दार उघडले ते कोणाच्या हृदयपरिवर्तनाने नव्हे. १९४६ मध्ये लॉस एंजेलिसच्या संघाला सार्वजनिक मालकीचे मैदान हवे होते. कृष्णवर्णीय पत्रकारांनी तेथेच अडवणूक केली, तेव्हा केनी वॉशिंग्टन व वूडी स्ट्रोड यांना करारबद्ध करण्यात आले. वॉशिंग्टनच्या संघाचे मालक मार्शल यांनी तर १९६२ पर्यंत दाद दिली नाही. मैदान संघराज्याच्या जमिनीवर होते म्हणून सरकारला दम देता आला. चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी या दोन घटना बारकाईने वाचाव्यात. ‘अग्रदूत’ या शब्दात त्या मावत नाहीत.

घरातला पहिला पदवीधर म्हणून सत्कार स्वीकारताना मला नेहमी अवघडल्यासारखे होते. ‘पहिला’ म्हणणारे टाळ्या वाजवतात. दुसरा का आला नाही, हे विचारत नाहीत. १९८९ मध्ये आर्ट शेल प्रशिक्षक झाले तेव्हा ‘आधुनिक काळातील पहिले कृष्णवर्णीय प्रशिक्षक’ असा त्यांचा गौरव झाला. त्या ‘आधुनिक’ या एका विशेषणाने १९२१ चे पोलार्डही पुसले गेले आणि मधली बंद दारेही.

कॅन्टन येथे या खेळाचे सन्मानदालन १९६३ साली उघडले. ते अॅक्रनपासून फार दूर नाही. पोलार्ड त्यानंतर तेवीस वर्षे, म्हणजे १९८६ पर्यंत, हयात होते. तेथे त्यांना जागा मिळाली ती २००५ मध्ये.