घडणावळ आणि मालकी : कमानी ट्यूब्जच्या प्रयोगाविषयीच्या प्रचलित मांडणीची चिकित्सा

प्रस्तावना

मुंबईच्या औद्योगिक इतिहासाचा विचार मराठीत बहुधा गिरणगावापाशी सुरू होतो आणि तेथेच थांबतो. १९८२ चा संप, डॉ. दत्ता सामंत, जयंत पवार यांचे 'अधांतर', नीरा आडारकर व मीना मेनन यांनी संकलित केलेला गिरणी कामगारांचा मौखिक इतिहास, हे सारे मोलाचे आहे याविषयी दुमत नाही. परंतु शीवच्या पलीकडे, कुर्ल्यापासून घाटकोपर, भांडुप व मुलुंडपर्यंत जी दुसरी औद्योगिक मुंबई उभी राहिली, तिच्या वाट्याला साहित्य थोडे आले आणि चिकित्सा त्याहून थोडी. ही मुंबई सुताची नव्हती, धातूची होती. कुर्ल्यात मुकंद व कमानी, भांडुपला गेस्ट कीन विल्यम्स आणि इंडियन स्मेल्टिंग ही तिची काही नावे. आज यांतील एक नाव लालबहादूर शास्त्री मार्गावरील बसथांब्यापुरते उरले आहे. 'कमानी' म्हणून तेथे उतरणाऱ्या प्रवाशांपैकी बहुतेकांना समोरचे खरेदी-संकुल ठाऊक असते, कारखाना नव्हे.

प्रस्तुत लेखात कमानी ट्यूब्ज लिमिटेड या कारखान्याच्या कामगार-मालकीच्या प्रयोगाविषयी जी मांडणी सर्वसाधारणपणे केली जाते, तिची तपासणी करावयाची आहे.

घटनाक्रम थोडक्यात असा. रामजीभाई कमानी यांनी उभारलेल्या उद्योगसमूहातील हा कारखाना तांबे व तांब्याच्या मिश्रधातूंच्या नळ्या आणि सळया तयार करीत असे. संस्थापकांच्या पश्चात कुटुंबातील वाद वाढले, देणी थकली आणि १९८५ मध्ये कारखाना बंद पडला. सुमारे सहाशे कामगारांच्या वतीने कमानी एम्प्लॉईज युनियनने, डी. थंकप्पन यांच्या नेतृत्वाखाली, कारखाना कामगारांच्या सहकारी संस्थेने ताब्यात घ्यावा अशी योजना मांडली. १९८५ च्या आजारी उद्योगविषयक कायद्याने स्थापन झालेल्या औद्योगिक व वित्तीय पुनर्रचना मंडळापुढे ती गेली आणि १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, काही भागधारकांच्या हरकती बाजूला ठेवून, तिला मान्यता दिली. १९८९ मध्ये उत्पादन पुन्हा सुरू झाले. नव्वदीच्या दशकाच्या मध्यापर्यंत कारखाना पुन्हा संकटात सापडला आणि प्रयोग संपुष्टात आला.

मालकीचा प्रश्न आणि धातूचा प्रश्न

या प्रकरणाविषयी दोन प्रकारचे मत ऐकू येते. एका मतानुसार कामगारांनी वेतनकपात स्वीकारून, भविष्यनिर्वाह निधीतील पैसा भांडवलात घालून मालकांनी बुडवलेला कारखाना चालवून दाखवला; अपयश आले ते बँकांच्या व शासनाच्या अनास्थेमुळे. दुसऱ्या मतानुसार कामगार हा मालक होऊ शकत नाही, कारण शिस्त लावणारा व शिस्त पाळणारा एकच असेल तर शिस्तच उरत नाही. वर्गात हा विषय निघाला की विद्यार्थीही याच दोन गटांत विभागले जातात. वरवर परस्परविरोधी वाटणाऱ्या या मतांत एक गोष्ट समान आहे. दोन्हींच्या दृष्टीने प्रश्न एकच, मालक कोण? कारखान्यात काय तयार होत होते, ते कसे तयार होत होते आणि त्यासाठी लागणारा धातू कोणाच्या पैशाने येत होता, हे दोन्हीकडे तपशिलाच्या सदरात जाते. माझ्या मते खरा प्रश्न त्या तपशिलात आहे.

पितळेची नळी कशी घडते ते पाहू. तांबे वितळते १०८५ अंश सेल्सिअसच्या आसपास आणि जस्त उकळते ९०७ अंशांवर. म्हणजे भट्टीत जस्त घालण्याची वेळ, रसाचे तापमान आणि वरचे आच्छादन सांभाळले नाही तर जस्ताची वाफ पांढऱ्या धुराच्या रूपाने उडून जाते आणि मिश्रधातूचे प्रमाण बिघडते. ओतलेला ओंडका तापवून प्रचंड दाबाखाली साच्यातून रेटला जातो व जाड नळी निघते. पुढे ती थंड अवस्थेत ओढयंत्रावर पुनःपुन्हा ओढून बारीक करतात. प्रत्येक ओढीने धातू ताठर होतो, म्हणून तो मधूनमधून भाजून मऊ करावा लागतो, आम्लात धुवावा लागतो. शेवटी सरळ करणे, कापणे, तपासणे. प्रत्येक टप्प्यावर टोके, फुटकी नळी, नाकारलेला माल निघतो आणि तो परत भट्टीत जातो. याचा अर्थ असा की एक टन नळी ग्राहकाला देण्यासाठी कारखान्याच्या पोटात एक टनाहून बराच अधिक धातू आठवडेच्या आठवडे फिरत राहतो. त्याचे पैसे आधी मोजलेले असतात, विक्रीचे नंतर येतात.

मराठीला या अर्थकारणासाठी एक नेमका शब्द आहे : घडणावळ. पुण्याच्या तांबट आळीत व्यापारी कारागिराला तांबे वजन करून देई, भांडे वजन करून परत घेई आणि कारागिराला वजनावर मजुरी मिळे. धातूची मालकी आणि हाताची मालकी वेगळी ठेवण्याची ही पद्धत जुनी आहे. नळ्यांचा कारखाना हा मूलतः घडणावळीचाच धंदा आहे. नळीच्या किमतीत सिंहाचा वाटा धातूचा. कारखान्याची कमाई म्हणजे धातूच्या व नळीच्या भावातील अंतर. कुर्ल्याच्या कामगारांना १९८८ साली ओतशाळा, दाबयंत्रे, ओढयंत्रे व जमीन मिळाली. धातू मिळाला नाही. तो त्यांना बाजारभावाने विकत घ्यावयाचा होता.

आणि तो भाव कोणत्या काळात कसा होता? लंडन धातुबाजारात तांब्याचा सरासरी भाव १९८६ मध्ये टनाला १,३७४ डॉलर होता. १९८९ मध्ये तो २,८४८ डॉलरवर गेला होता. त्याच अवधीत डॉलरचा दर साडेबारा रुपयांच्या आसपासहून सोळा रुपयांवर आला. आयातशुल्क वगळूनही टनभर तांबे सुमारे १७,००० रुपयांवरून ४६,००० रुपयांवर गेले. उदाहरणादाखल, कारखान्याच्या चक्रात कायम २०० टन तांबे अडकलेले असते असे धरले, तर १९८६ मध्ये त्यासाठी ३४ लाख पुरले असते. १९८९ मध्ये तेवढ्याच कामासाठी ९२ लाख लागले असते. नळी एकही अधिक नाही. त्यात जुलै १९९१ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले. प्राथमिक तांब्याचा देशातील एकमेव उत्पादक तेव्हा हिंदुस्तान कॉपर होता, आयात खनिजे व धातू व्यापार महामंडळाच्या हाती होती आणि लंडनच्या बाजारात भावाचे संरक्षण घेण्याची वाट भारतीय कारखान्याला मोकळी नव्हती. तुतिकोरिन व दहेजचे खाजगी प्रगालक आले ते दशकाच्या उत्तरार्धात.

या पार्श्वभूमीवर वेतनकपातीचे जे कौतुक झाले त्याचे मोल पुन्हा ठरवावे लागते. कामगारांचा त्याग खोटा होता असे म्हणण्याचा हेतू नाही. बंद काळात त्या घरांनी जे सोसले ते शब्दांत मांडता येण्यासारखे नाही. परंतु ज्या धंद्यात खर्चाचा मोठा भाग धातूचा आहे, तेथे लहान भागातील कपात मोठ्या भागातील वाढ पेलू शकत नाही. त्याग जितका उदात्त, तितकीच योजना सुदृढ असे गृहीत धरले गेले, आणि योजनेचे मूल्यमापन नीतिशास्त्राच्या अंगाने झाले. रोकडीच्या अंगाने ते झाले तितके खोल झाले नाही.

सहकाराशी तुलना

महाराष्ट्रात सहकार म्हटले की साखर कारखान्याचा दाखला देण्याची प्रथा आहे, आणि येथे तो खरोखर उपयोगी पडतो. साखर कारखान्यात रस तापवण्यासाठी व आटवण्यासाठी पितळेच्या नळ्या लागत. पुढे पोलादी नळ्यांनी त्यांची जागा घेतली. म्हणजे दोन सहकारांची गाठ कारखान्याच्या पोटातच पडत होती. पण साखर कारखान्याचा सभासद कच्चा माल घेऊन येतो. ऊस गाळपाला जातो आणि त्याचे पैसे हप्त्याहप्त्याने, पुष्कळदा उशिरा मिळतात. कच्च्या मालाची ही उधारी म्हणजे सभासदाने कारखान्याला दिलेले खेळते भांडवलच होय. १९५० साली प्रवरेला जे सुरू झाले त्यामागे वैकुंठभाई मेहता व धनंजयराव गाडगीळ यांची दृष्टी होती, शासनाचे भागभांडवल होते, आणि ही न बोललेली उधारीही होती. कुर्ल्याच्या सभासदाकडे देण्याजोगे फक्त श्रम होते. तांब्याची खाण घाटशिळेला, खेत्रीला किंवा मलाजखंडला. ती त्याच्या शेतात नव्हती. केवळ 'सहकार' हा शब्द समान आहे म्हणून दोन्ही प्रयोगांना एकाच मापाने मोजणे हे मला वर्गीकरणाचे आळशीपण वाटते.

येथे एक आक्षेप संभवतो. व्यवस्थापनातील मतभेद, जुनी यंत्रे आणि आयात खुली झाल्यानंतरची स्पर्धा ही कारणे पुरेशी नाहीत काय? ती खरी आहेत. परंतु तशीच यंत्रे व तसेच मतभेद असलेले खाजगी कारखाने, ज्यांच्या मालकाची बाजारात पत होती, ते काही काळ तरी तगले. गुलालवाडीचा धातुव्यापारी उधारीवर माल देतो तो माणूस पाहून. सहाशे मालक असलेल्या संस्थेत तो कोणाचे तोंड पाहणार? व्यवस्थापनातील वादही पुष्कळदा धातू संपल्यावर तीव्र होतात, हे कारण-परिणामाचा क्रम लावताना लक्षात घ्यावयास हवे.

हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. ज्या मंडळाने ही योजना मान्य केली ते डिसेंबर २०१६ मध्ये संपुष्टात आले आणि त्याची जागा दिवाळखोरी संहितेने घेतली. या संहितेत थकलेल्या वेतनाला मालमत्तेच्या वाटणीत, चोवीस महिन्यांपुरता, तारणधारक धनकोंच्या बरोबरीचा क्रम आहे. मात्र कारखान्याचे भवितव्य ठरवणाऱ्या धनको समितीत कामगारांना मत नाही. २०२१ मध्ये तांब्याने टनाला १०,००० डॉलरचा टप्पा ओलांडला. आज एखाद्या कामगार संस्थेने अशी योजना आणली, तर तिला यंत्रांच्या आधी धातूची सोय दाखवावी लागेल, आणि ग्राहकाच्याच धातूवर घडणावळीने काम करणे हा मार्ग तिने प्रथम तपासावा. या मार्गात नफा थोडा असतो, परंतु भावाचा धोका धातूच्या मालकाकडे राहतो.

१९८५ साली तिशीत असलेला ओतशाळेतील कामगार आज सत्तरीच्या पुढे आहे. भट्टीत किती धातू पडत होता, कोणत्या महिन्यात ओढयंत्रे रिकामी उभी होती, कच्चा माल कोणी व कोणत्या अटीवर दिला, हे त्याला आठवत असेल. कुर्ला ते मुलुंड या पट्ट्यातील महाविद्यालयांच्या अर्थशास्त्र, इतिहास व मराठी विभागांनी एकत्र येऊन या आठवणी नोंदवून घेतल्या, तर वेतनाबरोबर साठ्याचेही प्रश्न विचारले जावेत.