शिवारातील सोने आणि इतिहासाची साक्ष

कलाकृतीचे यश टाळ्यांवरून मोजण्याची रीत आहे. परंतु १४ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘छावा’ या हिंदी चित्रपटास एक निराळेच माप लागू पडले. अवघ्या काही आठवड्यांत, मोगली नाणी सापडत असल्याची वार्ता पसरून, बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगड परिसरात माणसे रात्री विजेऱ्या व धातुशोधक यंत्रे घेऊन परक्याची शेते उकरू लागली.

शिवाजी सावंतांच्या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटाच्या आरंभीच १६८१ मधील बुऱ्हाणपूरवरील स्वारी आहे. जे धन मराठ्यांनी लुटून नेले ते तेथल्या मातीत कसे उरेल, एवढा साधा प्रश्नही त्या गर्दीस पडला नाही! याचा सारा दोष दिग्दर्शकाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. त्यांनी कोणाच्या हाती कुदळ दिली नव्हती. तथापि उणीव आहे ती ही, की पडद्यावरील लूट डोळ्यांत भरते, पण मोगलांची आर्थिक नाडी तोडण्याचे तिच्यामागील राजकारण मनावर ठसत नाही. ज्यास कारणे उमगत नाहीत, तो प्रेक्षक घरी जाताना केवळ सोन्याची झळाळी घेऊन जातो.

इतिहासाचे धन वेगळे असते. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी निघाली. त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा आपला छाप उठविलेला होता. तो साठा एकत्र अभ्यासला गेला, म्हणूनच एका राजाने दुसऱ्याची सत्ता पुसल्याची साक्ष मिळाली. तीच नाणी शंभर खिशांत गेली असती, तर ती नुसती चांदी ठरली असती.

आमच्या चाकणचेच पाहा. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्याने संग्रामदुर्ग शाईस्तेखानाविरुद्ध सुमारे दोन महिने झुंजविला. त्याच्या भोवतालच्या रानात उद्या एखादी शिशाची गोळी निघाली, तर बाजारात तिचे मोल काय? पण ती नेमकी कोठे व किती खोल होती, यावरून वेढ्यातील मोर्च्यांचा माग लागू शकेल. गोळी उचलली आणि जागा विसरली, की साक्षीदार मुका झाला.

यावर हौशी शोधक म्हणतील, ‘येथे कारखान्यांच्या पायासाठी यंत्रे शिवारेच्या शिवारे उपसतात, आम्ही निदान काही वाचवितो.’ या म्हणण्यात तथ्य आहे. इंग्लंडात १९९७ पासून अशाच हौशी लोकांच्या शोधांची स्थळासह नोंद ठेवण्याची व्यवस्था आहे, व तिचा अभ्यासकांस मोठा उपयोग झाला आहे. आपल्याकडेही १८७८ चा निखात-निधी कायदा दहा रुपयांहून अधिक मोलाच्या निधीची वर्दी जिल्हाधिकाऱ्यास देण्यास सांगतो. पण दहा रुपयांहून कमी मोलाच्या त्या गोळीचे काय? तिची वर्दी कायदा मागत नाही. ती द्यावीशी वाटणे हा संस्काराचा प्रश्न आहे, आणि इतिहासावरील कलाकृतीकडून अपेक्षा करावयाची ती या संस्काराचीच.