दार ठोठावणारी मुलगी

ऑक्टोबर लागला की इथल्या घरांच्या पायऱ्यांवर भोपळे येतात आणि टीव्हीवर सुरे. आपली मुलं चौदा-पंधराची झाली की कँडी गोळा करणं सोडतात आणि मित्रमैत्रिणींबरोबर बेसमेंटमध्ये 'स्लॅशर' चित्रपट बघत बसतात. तुम्ही जिन्यावरून डोकावता, पडद्यावर एक मुलगी किंचाळत असते, आणि 'काय बघता हे!' म्हणून तुम्ही परत फिरता. यंदा फिरू नका. खाली बसून जॉन कारपेंटरचा 'हॅलोवीन' (१९७८) शेवटपर्यंत बघा.

या चित्रपटांवरचा ठरलेला आक्षेप तुम्हाला माहीत असेल: मित्राबरोबर बिछान्यात जाणारी मुलगी मरते, सोज्वळ मुलगी वाचते. आक्षेप निराधार नाही. 'हॅलोवीन'मध्ये अ‍ॅनी आणि लिंडा मरतात. पुस्तकं छातीशी धरून चालणारी लॉरी (जेमी ली कर्टिस) उरते. अशा शेवटी उरणाऱ्या मुलीला कॅरल क्लोव्हर या अभ्यासिकेने 'फायनल गर्ल' हे नाव दिलं. तरुण मुलगेसुद्धा शेवटी खुन्याची बाजू सोडून या मुलीच्या बाजूचे होतात, हे तिचं निरीक्षण.

पण लॉरी नेमकी कशामुळे वाचते? तिच्या मैत्रिणी आपापल्या मित्रांत गुंतलेल्या असतात, तिचं मात्र आजूबाजूला लक्ष असतं, असं कारपेंटर सांगत आला आहे. चित्रपट त्याला दुजोरा देतो. वर्गाच्या खिडकीतून गाडी तिलाच दिसते, कुंपणाआडचा माणूसही तिलाच दिसतो. ती सांगते, आणि मैत्रिणी तिची थट्टा करतात.

मग ते दृश्य येतं. जखमी लॉरी शेजारच्या दारावर मुठी आपटत मदत मागते. आत दिवा लागतो, पडद्याआडून कोणीतरी बघतं, आणि दिवा पुन्हा मालवला जातो. सुऱ्यापेक्षा मला हा मालवलेला दिवा जास्त भयंकर वाटतो. पुढे विणायची सुई, कपाटातला तारेचा हँगर, जे हाती लागेल त्याने तिला एकटीलाच लढावं लागतं. डॉक्टर लूमिस पिस्तूल घेऊन येतो तो अगदी शेवटी.

त्याआधी चार वर्षं आलेला बॉब क्लार्कचा कॅनेडियन 'ब्लॅक ख्रिसमस' (१९७४) हेच अधिक परखडपणे सांगतो. त्याची नायिका जेस गरोदर आहे, गर्भपाताचा तिचा निर्णय पक्का आहे. सोज्वळपणाचा नियम इथे लागूच होत नाही. हॉस्टेलमधली एक मुलगी बेपत्ता झाल्याची तक्रार घेऊन मैत्रिणी चौकीत जातात, तर 'असेल मित्राबरोबर कुठे' म्हणून पोलीस त्यांची बोळवण करतो. शेवटी खुनी सापडला असं समजून सगळे जेसला त्याच घरात झोपलेली ठेवून निघून जातात. खुनी माळ्यावरच असतो.

म्हणून हे चित्रपट निर्दोष ठरत नाहीत. 'हॅलोवीन'मधला पहिला खून आपण मुखवट्याच्या दोन भोकांतून बघतो. समोर अर्धनग्न बहीण, आणि आपले डोळे खुन्याचे. पुरुषांचं मरण झटपट उरकतं आणि बायकांचं जवळून, रेंगाळत दाखवलं जातं, हेही क्लोव्हरने नोंदवलं आहे. कॅमेऱ्यामागे बाई असली की हे आपोआप सुटतं असंही नाही. 'द स्लंबर पार्टी मॅसॅकर' (१९८२) रीटा मे ब्राउनने लिहिला, एमी जोन्सने दिग्दर्शित केला. त्यातही मुलींच्या आंघोळीच्या दृश्यात कॅमेरा अंगांवरून फिरतोच.

माझी तक्रार अनुकरण करणाऱ्यांबद्दल जास्त आहे. पुढच्या असंख्य चित्रपटांनी मुखवटा उचलला, सुरा उचलला, नग्नता उचलली; ते बंद दार मात्र मागे राहिलं. बाईच्या भीतीवर कोणी विश्वास ठेवत नाही, हा या प्रकारातला सगळ्यात खरा भाग होता, आणि तोच गळाला.

तेव्हा चित्रपट संपल्यावर 'ती वरच्या मजल्यावर कशाला पळाली?' यावर मुलं हसतील, त्यांना हसू द्या. मग एवढंच विचारा: शेजाऱ्याने दार का उघडलं नाही? तुमच्या मुलाचं उत्तर ऐका, आणि मुलीचंही. ती वेगळी निघाली, तर गप्पा तिथूनच सुरू करा.